नदीकाठची सुबाभूळ आणि वेडी बाभूळ: किती तोडायची, कधी तोडायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातल्या करहा नदीच्या काठावर, नाझरे धरणाच्या खालच्या अंगाला, एका गावातल्या तरुणांना साधारण एक किलोमीटर काठ पुन्हा देशी झाडांचा करायचा आहे. आज तिथे सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांची दाटी आहे. मे महिन्यात जेसीबी लावून सगळं साफ करायचं, उरलेल्या बुंध्यांवर तणनाशक मारायचं आणि पहिल्या पावसात हजार रोपं लावायची, असा बेत आहे. तणनाशक कोणतं घ्यावं आणि रोपं कोणती लावावीत, एवढंच विचारलं आहे.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं पुढे दिली आहेत. पण त्याआधी एक कळकळीची विनंती: मे महिन्यात एक किलोमीटर काठ एका दमात उघडा करू नका. नदीकाठावरची उपरी झाडं काढायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या कामात तोडणी सगळ्यात सोपी असते. पैसे असले की आठवड्यात होते, फोटो चांगले येतात आणि गावालाही काहीतरी घडल्यासारखं वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते तीन-चार वर्षं चालतं. म्हणून माझा हिशेब असा असतो: तुमचा गट पुढची तीन वर्षं दर महिन्या-दीड महिन्याला जेवढ्या काठावर फिरून फुटवे मोडू शकेल आणि रोपटी उपटू शकेल, तेवढाच काठ यंदा हातात घ्यायचा. दहा-बारा जण नियमित येणारे असतील तर सुरुवातीला दीडशे-दोनशे मीटर पुष्कळ झाले. एक किलोमीटर साफ करून सोडून दिलात, तर दोन पावसाळ्यांनी आजच्यापेक्षा दाट रान तुमच्यासमोर उभं असेल.

असं का होतं, ते समजायला ही झाडं काठावर आली कशी ते पाहावं लागेल. सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. 1970 आणि 80च्या दशकांत चारा आणि जळण म्हणून तिचा आपल्याकडे मोठा प्रसार झाला. त्यात मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या बायफ या ग्रामविकास संस्थेचा पुढाकार होता. दुष्काळी भागात जनावरांना हिरवा पाला मिळावा हा हेतू चांगलाच होता, आणि शेळीपालन करणाऱ्या कितीतरी घरांना या झाडाने आधार दिला, हे नाकारायचं कारण नाही. पण हे झाड स्वतःच्याच परागावर बी धरू शकतं, लावल्यापासून वर्षभरात फुलावर येऊ शकतं आणि एकेका शेंगेत पंधरा-वीस बिया असतात. बांधावरून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत बी जायला वेळ लागला नाही. वेडी बाभूळ त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, अमेरिका खंडातून भारतात आली. तिच्या शेंगा गोड असतात. शेळ्या-मेंढ्या आणि गुरं त्या आवडीने खातात आणि बी शेणा-लेंड्यांतून गावभर पसरतं.

मात्र बी येऊन पडणं वेगळं आणि झाड होऊन टिकणं वेगळं. नदी मोकळी वाहत होती तेव्हा दर दोन-चार वर्षांनी चांगला पूर यायचा आणि काठावर उगवलेली कोवळी झुडपं मुळासकट ओढून न्यायचा. त्या माऱ्यात टिकायची ती पुराची सवय असलेली झाडं: वाकणारी, घट्ट मुळांची, मोडली तरी पुन्हा फुटणारी. धरण झालं की खालच्या टप्प्यात पुराचं येणं-जाणं बदलतं. काठ सलग काही वर्षं कोरडा राहतो, तेवढ्यात सुबाभळीचं खोड मांडीएवढं होतं, आणि मग एखादा पूर आला तरी ती हलत नाही. त्यात वाळूउपसा होऊन काठ खणले गेले असतील, सांडपाण्याने खत मिळत असेल, तर उपऱ्यांना हवी तशी जागा तयारच असते. तुमच्या काठावर यातलं काय-काय लागू आहे ते तुम्हीच पाहू शकता. मुद्दा एवढाच की झाड काढलं तरी जागा रिकामी करणारी कारणं तिथेच राहतात. रिकामी जागा दुसऱ्या कुणीतरी लवकर धरली पाहिजे, आणि तो दुसरा कोण असावा हे ठरवणं म्हणजेच काठ परत आणणं.

आता प्रत्यक्ष काम. कोयता उचलण्याआधी सगळा काठ एकदा पायी फिरा, आणि सोबत गावातला झाडं ओळखणारा एखादा म्हातारा माणूस घ्या. मजूर किंवा ठेकेदार ‘काटेरी ते सगळं’ तोडतात, आणि त्यात आपलीच झाडं जातात. देशी बाभळीचं फूल पिवळं, गोल गोंड्यासारखं. शेंग करडी, प्रत्येक बीमागे आवळलेली, मण्यांची माळ असावी तशी. वेडी बाभळीचा फुलोरा लांबट, बोटाएवढा, हिरवट-पिवळा; शेंग पिवळसर, थोडी वाकलेली आणि अशी आवळलेली नसते. शिवाय ती बहुधा जमिनीपासूनच अनेक खोडांनी फुटलेली आणि झुकलेली दिसते. हिवर आणि शमी ही दोन्ही आपली झाडं आहेत, तीही काटेरी आहेत आणि घाईत वेडी बाभूळ समजून तोडली जातात. सुबाभळीला काटे नसतात; पांढरे गोल गोंडे आणि झुपक्याने लोंबणाऱ्या तपकिरी चपट्या शेंगा पाहिल्या की शंका राहत नाही.

याच फेरीत दुसरं एक काम करा, त्याने पुढची अर्धी मेहनत वाचते. सुबाभळीच्या सावलीत वाकून बघा. पक्ष्यांनी, वटवाघळांनी आणि पाण्याने आणलेल्या बियांतून उंबर, जांभूळ, भोकर, लिंब, करंज यांची गुडघ्याएवढी रोपटी अनेकदा तिथे उगवून थांबलेली असतात. प्रत्येकाशेजारी काठी रोवून रंगीत चिंधी बांधा. ही रोपटी त्या मातीत स्वतः रुजलेली आहेत, त्यांची मुळं खोल गेलेली आहेत. नर्सरीतून आणलेल्या पिशवीतल्या रोपापेक्षा ती दसपट भरवशाची. मी कुठल्याही काठावर लागवडीचा आकडा ठरवण्याआधी या चिंध्या मोजतो.

जेसीबीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उतारावर आणि पाण्यालगत नको. झाडं तर तो काढतोच, पण त्यासोबत मातीही मोकळी करतो, आणि मोकळी झालेली माती पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर जाते. चिंधी बांधलेली रोपटी चिरडली जातात, आणि बादलीतल्या मातीबरोबर सुबाभळीचं बी नव्या जागी पोहोचतं. वरच्या सपाट काठावर, कडेपासून पुरेसं आत, वेडी बाभळीचं जाड बेट असेल आणि ते हाताने निघणं शक्यच नसेल, तर तिथे यंत्र चालेल. तेही माती कोरडी असताना, आणि एकेक गड्डा उपटण्यापुरतं. जमीन सपाट करून देऊ का, असं चालक विचारेल, नको म्हणा.

मे महिना मला का नको, तेही सांगतो. नदीकाठच्या मातीच्या उभ्या कड्यांमध्ये वेडा राघू आणि खंड्या बिळं करून अंडी घालतात. वेडा राघूची वीण साधारण फेब्रुवारी ते जून. सुगरण पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या बाभळींना घरटी टांगते. मे-जूनमध्ये काठ खणणं म्हणजे ऐन विणीत घरं पाडणं. शिवाय तोड झाली की लगेच पावसाळा, म्हणजे उघडी माती आणि पूर यांची गाठ. मी मोठी तोड ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत करतो. पाणी उतरलेलं असतं, पुढचे पाच-सहा महिने पूर येणार नसतो, मजुरांना ऊन झेपतं, आणि कापलेल्या बुंध्याला फुटलेले कोंब उन्हाळ्यात तग धरण्यासाठी मुळांतला साठा खर्च करतात. तो साठा संपवणं हेच तर आपलं काम आहे.

सुबाभळीचं पुन्हा फुटणं थांबवायला वेगवेगळ्या वयाच्या झाडांना वेगवेगळं वागवावं लागतं. गुडघ्यापर्यंतची रोपटी पावसानंतर, माती ओली असताना, हाताने सरळ उपटली जातात. मूळ तुटलं नाही तर ती पुन्हा येत नाहीत. मनगटाएवढ्या झाडांना पहार-कुदळ लावून, जमिनीखाली वीतभर खणून, सोटमूळ तिथे तोडावं. त्याहून मोठी झाडं कापावी लागतात, आणि ती जमिनीलगत कापावीत. कंबरेएवढा बुंधा ठेवला की त्याच्या सगळ्या अंगावर फुटवे येतात आणि मोडायला दुप्पट वेळ लागतो. कापल्यावर बुंध्याची साल जमिनीच्या जरा खालपर्यंत सोलून काढली तर फुटवे कमी येतात, बंद होत नाहीत. जे येतात ते कोवळे असताना, तीन-चार आठवड्यांचे झाले की, बुडातून ओरबाडून काढायचे. विळ्याने कापू नका, कारण उरलेल्या खुंटातून चार नवे निघतात. प्रत्येक वेळी झाड मुळांतल्या साठ्यातून नवा पाला करतं आणि तो कामाला लागायच्या आत आपण काढून घेतो. दोन हंगाम हे नेटाने केलं तर बहुतेक बुंधे मरतात. जून झालेली मोठी झाडं तीन हंगाम घेतात.

बुंधा मेला तरी बी उरतंच. सुबाभळीच्या बीचं कवच इतकं कठीण असतं की ते मातीत वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतं. वरची सावली गेली आणि पाऊस पडला की हजारो रोपटी एकदम उगवतात आणि अख्खी जागा हिरवीगार दिसते. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या गटांचा धीर इथेच सुटतो. खरं म्हणजे बीचा साठा बाहेर येतो आहे याचं ते लक्षण आहे. ही रोपटी फुलावर येण्याआधी काढली, तर साठा तेवढा कमी झाला. ऑगस्टमध्ये एक फेरी आणि दिवाळीच्या सुमारास दुसरी, या दोन चुकवायच्याच नाहीत. आणि काहीही झालं तरी पालापाचोळा तिथे जाळू नका. नर्सरीवाले सुबाभळीचं बी पेरण्याआधी गरम पाण्यात टाकतात, कारण उष्णतेने कवच मऊ पडून उगवण वाढते. काठावर आग लावली की तेच घडतं, आणि वर गवताची मुळं आणि देशी रोपटी जळतात ती वेगळीच.

वेडी बाभळीचं तंत्र निराळं आहे. तिचे सुप्त डोळे, म्हणजे जिथून नवे कोंब फुटतात त्या जागा, बुंध्याच्या तळाशी, जमिनीच्या थोडं खालीही असतात. वरून कापली की एका खोडाची दहा खोडं होतात आणि आधी निदान खालून जाता येत होतं, तेही बंद होतं. म्हणून तिचा गड्डा वीत-दीड वीत खणून, डोळ्यांच्या खालून मूळ तोडूनच काढावा लागतो. जोधपूरच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये ही बाभूळ खडकाच्या फटींत रुतलेली होती. तिथे दगड फोडणाऱ्या पारंपरिक कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून तिची मुळं काढली, तेव्हा कुठे ती जागा मूळच्या वाळवंटी झाडांना मिळाली. आपल्या काठाची माती त्यामानाने मऊ आहे. पण उभ्या उतारावर असं खणणं म्हणजे कड ढासळायला बोलावणं. तिथली वेडी बाभूळ मी पहिल्या वर्षी तशीच राहू देतो, तिच्या समोर आणि बाजूला आपली झाडं पकडू देतो, आणि मग फक्त फुटवे मोडण्याच्या पद्धतीने तिला हळूहळू संपवतो. तोपर्यंत तिच्या मुळांनी कड धरून ठेवली तर बिघडलं कुठे?

आता तणनाशकाचं. जगात अनेक ठिकाणी कापलेल्या ताज्या बुंध्यावर ब्रशने तणनाशक लावण्याची पद्धत आहे, ती परिणामकारकही आहे, आणि प्रशिक्षित माणसं ती मोजूनमापून करतात. दक्षिण आफ्रिकेत 1995 पासून ‘वर्किंग फॉर वॉटर’ या सरकारी कार्यक्रमात नद्यांकाठची परदेशी झाडं काढली जातात, तिथेही ती वापरतात. तरी तुमच्या काठासाठी माझं उत्तर ‘नको’ असं आहे. आपल्याकडे दुकानात सहज मिळतं ते ग्लायफोसेट. त्याचा वापर केंद्र सरकारने 2022 मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्याची अधिसूचना काढली. त्याच्या अनेक तयार मिश्रणांत पानाला चिकटण्यासाठी जे द्रव्य घातलेलं असतं, ते बेडकांच्या पिल्लांना घातक ठरतं. आणि काठालगत शेतीच्या, बहुधा पिण्याच्या पाण्याच्याही विहिरी असणार; त्या नदीच्याच झिरपणीवर भरतात. दोनशे मीटरचं काम हातांनी होण्यासारखं असताना ही जोखीम घ्यायचं कारण नाही. खोडाला भोक पाडून डिझेल, जळकं ऑइल किंवा मोरचूद ओतण्याचे गावठी उपाय कुणी सुचवेल. मोरचूद माशांसाठी विष आहे आणि तेल पहिल्याच पावसात पाण्यावर तरंगेल. तेही नकोच.

त्या दक्षिण आफ्रिकेच्या कामातून मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. तिथे पहिली तोड आणि त्यानंतरच्या फेऱ्या यांचं नियोजन वेगवेगळं धरतात, कारण फेऱ्या चुकल्या की तोडीचा खर्च वाया जातो, हे तिथल्या लोकांनी पुरेपूर पाहिलं आहे. तुमच्याकडे जो निधी जमला असेल, त्यातला निम्म्याहून अधिक पहिल्या तोडीनंतरसाठी बाजूला ठेवा.

सावकाश जाण्याचं आणखी एक कारण आहे. झाड परकं असलं तरी त्यावर कुणीतरी राहत असतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात झाऊ या झुडपाच्या परदेशी जातींनी नद्यांचे काठ व्यापले. (झाऊची एक जात आपल्या दख्खनच्या नदीपात्रांतही आहे, पण ती इथलीच.) तिथे झाऊ खाणारे भुंगेरे आणून सोडले गेले आणि झाऊ वाळू लागला. पण तोवर विलोच्या झुडपांत घरटी करणारा एक दुर्मीळ माशीमार पक्षी, विलो उरला नाही म्हणून, झाऊतच घरटी करू लागला होता. भर विणीत पानं गळू लागली तेव्हा घरट्यांवरची सावली गेली, आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याला भुंगेरे सोडण्याचा कार्यक्रम थांबवावा लागला. तुमच्या काठावर संध्याकाळी बगळे, पाणकावळे कुठल्या झाडांवर उतरतात, सुगरणीची घरटी कुठे आहेत, ते हिवाळ्यात आणि पावसाळ्यात बघून ठेवा. ती झाडं सुबाभळीची किंवा वेडी बाभळीची असली तरी यादीत सगळ्यात शेवटी घ्या.

आतापर्यंतचं एकत्र सांगतो: ओळख आणि चिंध्या आधी, तोड दिवाळीनंतर, छोटा टप्पा, उतारावर हातांनी काम, सुबाभळीचे फुटवे ओरबाडायचे, वेडी बाभळीचा गड्डा काढायचा, आग आणि तणनाशक दोन्ही नको. टप्पा निवडताना शक्यतो वरच्या अंगाकडून, म्हणजे प्रवाह जिकडून येतो तिकडून, सुरुवात करा, कारण बी पाण्याबरोबर खाली येतं. इथे परिस्थितीचा प्रश्न आहे. तुमच्या हद्दीच्या वर दहा किलोमीटर सुबाभूळच असेल, तर दर पुरात नवं बी येतच राहणार आणि ‘एकही सुबाभूळ नाही’ असं ध्येय तुम्हाला दमवून टाकेल. तेव्हा ध्येय असं ठेवा: नवं रोपटं फुलावर यायच्या आत निघालं पाहिजे. वरच्या गावाशी बोलणं झालं आणि तेही कामाला लागले, तर पुढचं पुढे.

रोपं कोणती, या प्रश्नाचं उत्तर काठाच्या तीन पट्ट्यांप्रमाणे बदलतं. अगदी पाण्यालगत, जिथे दर पावसाळ्यात पाणी चढतं, तिथे मोठ्या झाडांची घाई नको. शेरणी, वाळुंज, वाळा, लव्हाळा ही तिथली मंडळी. शेरणी पुरात आडवी होते आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहते. तिची मुळं दगडांच्या फटींत घट्ट बसतात. वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या ओल्या गाळात निम्म्या खोचल्या तरी लागतात. मधल्या उतारावर करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी आणि माती खोल असेल तिथे अर्जुन. करंज तर नदीकाठचाच राजा, त्याची शेंग पाण्यावर तरंगत जाऊन खाली कुठेतरी रुजते. वरच्या सपाट काठावर मात्र तुमच्या भागाचा पाऊस विसरू नका. करहाचा खालचा टप्पा पर्जन्यछायेत आहे. तिथे देशी बाभूळ, हिवर, बोर, लिंब आणि मधे-मधे मोकळं गवत, असंच रान शोभतं आणि टिकतं. सह्याद्रीतल्या एखाद्या हिरव्यागार काठाचा फोटो समोर ठेवून तिथे जंगल करायला गेलात तर टँकर कायमचा मागे लागेल.

गवताला कमी लेखू नका. तोड झालेल्या उघड्या मातीवर सगळ्यात आधी गवत धरलं पाहिजे. ते आलं तर गाजरगवत, घाणेरी आणि बेशरम यांना जागा कमी मिळते. हरळी आणि मारवेल दोन्ही चालतील. मारवेलचे ठोंब जवळच्या बांधावरून आणून पहिल्या पावसात लावा. बेशरमची मोडलेली कांडी ओल्या जागी पडली तरी रुजते, म्हणून ती काढाल तेव्हा एकही तुकडा पाण्यात जाऊ देऊ नका, वर नेऊन उन्हात वाळवा.

लागवडीची वेळही तिन्ही पट्ट्यांना एक नसते. तुमच्याकडे जोराचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात, परतीच्या मॉन्सूनमध्ये पडतो. जूनमध्ये खालच्या पट्ट्यात लावलेली रोपं सप्टेंबरच्या पुरात जातील. खालचा पट्टा पूर ओसरल्यावर, ऑक्टोबरात, ओल्या गाळात फांद्या खोचून करा. वरच्या काठावर जुलैत लावा. जांभळाचं बी वाळलं की मरतं, तेव्हा फळं खाल्ल्यावर आठवड्याभरात पेरा. हजार रोपांऐवजी पहिल्या वर्षी शंभर-दीडशे लावा आणि प्रत्येकाला दोन उन्हाळे पाणी मिळेल याची सोय करा. नर्सरीतून फुकट मिळतात म्हणून गुलमोहर, काशीद, निलगिरी, गिरिपुष्प घेऊ नका. आणि वेडा राघू-खंड्यांची बिळं असलेला मातीचा उभा कडा तसाच उघडा ठेवा. तिथे ना झाड, ना गवत, ना दगडी भिंत. ती जागा ओसाड दिसते, पण ती भरलेलीच आहे.

या सगळ्यात माणसं राहून गेली तर काम टिकणार नाही. त्या सुबाभळीवर कुणाच्या तरी शेळ्या जगतात आणि वेडी बाभळीवर कुणाची तरी चूल पेटते. तोडीआधी त्यांच्याशी बोला, ग्रामसभेत विषय घ्या आणि वर्षातून एकदा येणाऱ्या मेंढपाळांनाही सांगून ठेवा. फुटवे मोडण्याचं काम शेळीवाल्या बायाबापड्यांना जोडून दिलं की दोघांचं भागतं: त्यांना कोवळा पाला मिळतो, तुमचे बुंधे मरतात. पाला मोडून घरी न्यायचा, शेळ्या काठावर सोडायच्या नाहीत, एवढी अट पाळायची. एकट्या सुबाभळीवर मात्र जनावर ठेवू नये, इतर चारा मिसळावा, आणि घोड्याला ती देऊच नये, केस गळतात. वेडी बाभळीच्या काटेरी फांद्या शेंगा झाडून टाकल्यावर रोपांभोवती कुंपण म्हणून रचा, त्याहून स्वस्त आणि चिवट कुंपण मला ठाऊक नाही. लाकूड त्याच महिन्यात पूररेषेच्या वर हलवा. पात्रात पडलेली खोडं पुरात वाहून कोल्हापुरी बंधाऱ्याच्या दारांत आणि पुलाच्या कमानींत अडकतात, आणि मग पाणी शेतात घुसतं.

परवानगीचं काम आत्ताच सुरू करा, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. नदीचं पात्र सरकारी असतं. काठाची जमीन कुणाची आहे ते सातबारा आणि मोजणीच्या नकाशावरून पाहा. तहसील कार्यालय, जलसंपदा विभाग आणि ग्रामपंचायत यांना लेखी अर्ज द्या आणि उत्तर हातात आल्याशिवाय करवत लावू नका. तुमचा काठ नगरपरिषदेच्या हद्दीत येत असेल तर 1975 चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो आणि सुबाभळीलाही परवानगी लागते. अर्जासोबत चिंध्या बांधलेल्या देशी रोपट्यांची यादी आणि काठाचे फोटो जोडलेत, तर हे लाकडासाठी चाललेलं नाही हे साहेबांना लवकर पटतं.

5 जूनला, पर्यावरण दिनी, लागवडीचा कार्यक्रम ठरवला असेल तर तो रद्द करायची गरज नाही. त्या दिवशी रोपं लावण्याऐवजी गावातली मुलं-माणसं घेऊन काठाची ओळखफेरी काढा, वरच्या पट्ट्यातले खड्डे खणा, करंजाच्या शेंगा आणि जांभळाच्या बिया गोळा करा. ऑगस्टमध्ये, अजून एकही मोठं झाड तोडलेलं नसताना, निवडलेल्या दोनशे मीटरमधली सुबाभळीची लहान रोपटी उपटून बघा. किती जण आले, किती वेळ लागला, दुसऱ्या वेळी त्यातले किती परत आले, हे लिहून ठेवा. दिवाळीनंतर किती काठ तोडायचा ते त्या वहीवरून ठरवा.

दोनशे मीटरमध्ये चार खुणेच्या जागा ठरवा आणि दर तीन महिन्यांनी तिथूनच, त्याच दिशेने फोटो काढा. पुढचा टप्पा कधी उघडायचा याची माझी कसोटी अशी: पहिल्या टप्प्यात एका पावसाळ्यानंतर फुलावर आलेली सुबाभूळ दिसली नाही, आणि उघड्या मातीपेक्षा गवताखाली झाकलेली माती जास्त दिसली, तर पुढे जा. तसं नसेल तर आहे तिथेच आणखी एक वर्ष द्या. मला काठाचा उतार, आत्ताचं पाणी कुठवर येतं आणि वरच्या अंगाला किती सुबाभूळ आहे, याचे दोन-तीन फोटो पाठवलेत, तर सुरुवात नेमकी कुठून करावी हे जास्त खात्रीने सांगता येईल.